बिराप्पा मेस्त्री आणि खिरवंडीचं पाणी

बिराप्पा मेस्त्री नक्की कोण होता, हे लालासाहेबांना विचारलं तर त्यांना धड सांगता येणार नाही. पाच दिवस तो त्यांच्या घरी जेवला, त्यांच्या पडवीत झोपला. पण त्याला बायको होती का, मुलं किती, हे विचारायचं राहूनच गेलं. जतच्या बाजूचा, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या कोरड्या गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सांगलीत पत्र्याचं गॅरेज. पुरात बुडालेल्या मोटारी, इंजिनं तो पुन्हा चालू करून द्यायचा. आणि त्याला पोहता येत नव्हतं. जमेला एवढंच. गेल्या भाद्रपदात तो गेल्याचं सांगलीतल्या ओळखीच्या नानासोंनी फोनवर सांगितलं. कशानं गेला, हेही लालासाहेबांनी विचारलं नाही. नानासोंना वाटलं असेल, म्हातारा कठोर आहे. म्हाताऱ्याला शब्द सुचले नव्हते, दुसरं काही नाही.

नानासोंनीच त्याला धाडलं होतं. कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर लालासाहेबांची लॉंच चालते. पाण्याच्या एका अंगाला डांबरी रस्ता, एसटी, दवाखाना. दुसऱ्या अंगाला डोंगरावर नवी खिरवंडी. दोन्हीच्या मधे, पाण्याखाली, जुनी खिरवंडी. धरण भरलं तेव्हा लालासाहेब दोन वर्षांचे होते. आईच्या कडेवर बसून वर आले, म्हणतात. त्यांना काही आठवत नाही.

जुन्या गावाच्या भैरोबाचं देऊळ जिथं बुडालं, तिथं आलं की लॉंचचं इंजिन बंद करायचं, ही त्यांच्या वडलांनी घातलेली रीत. देवाच्या डोक्यावरून धडधडत जायचं नाही. लॉंच पाण्यावर आपसूक सरकत राहते, बाप्ये टोप्या काढतात, मागच्या फळीवर बसलेली बाई चिमूटभर गुलाल पाण्यात सोडते. मग पुन्हा स्टार्टर.

वर्षापूर्वी लॉंचला नवं इंजिन बसवलं आणि तेव्हापासून ऑइलात पाणी येऊ लागलं. सकाळी इंजिनातलं ऑइल मोजायची दांडी काढून बघावी तर काळ्याभोर ऑइलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी चिकटलेलं. साताऱ्याच्या मेकॅनिकनं हेड पॅकिंग बदललं, तीनदा ऑइल बदललं. आठ दिवस बरे गेले की पुन्हा तेच. असं पाणी राहिलं तर बेअरिंगं खाल्ली जातात आणि इंजिन एक दिवस भर पाण्यात जाम होतं. गावात कुजबुज सुरू झाली, की खालचा देवच इंजिनात पाणी भरतोय. माणसं लॉंचवर चढेनाशी झाली.

लालासाहेबांना माणसांचं काही वाटत नव्हतं. त्यांना घोर होता तो नातीचा. संयोगिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नव्या खिरवंडीला आली होती. नववा लागला होता. डोंगरातून जीपनं न्यायचं तर चार तास आणि हाडं खिळखिळी करणारी वाट. लॉंचनं पाऊण तास. पण ती लॉंच मधेच बंद पडली तर?

बिराप्पा आला तो माघातल्या धुक्यात, हातात पत्र्याची पेटी आणि एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन. त्यानं पाण्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरला.

"यप्पा! एवढं पाणी कशाला लागतंय हो तुमाला?"

"आमी कुठं मागितलंय," लालासाहेब म्हणाले.

पहिलं काम त्यानं स्वयंपाकघरात केलं. शालूबाईंचा, म्हणजे लालासाहेबांच्या बायकोचा, जुना तवा चुलीवर तापवून त्यानं दांडीवरच्या ऑइलाचा एक थेंब टाकला. थेंब तडतडला, उडाला, फुत्कारला.

"माझ्या तव्याचं वाटोळं केलंस की रं!" शालूबाई ओरडल्या.

"अक्का, नवा तवा देतो आणून. आधी हे काय बोलतंय ते ऐका." मग त्यानं डब्यातल्या कोऱ्या ऑइलाचा थेंब टाकला. तो नुसता पसरला, धुरावला, गप्प राहिला. "चांगलं ऑइल बोलत न्हाई. पाणी बोलतंय."

नवं ऑइल भरून त्यानं लॉंच काठाला बांधली आणि दिवसभर इंजिन चालवलं. दर तासाला एक थेंब तव्यावर. तवा गप्प. दुसऱ्या दिवशी पंपानं दाब देऊन इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या साऱ्या वाटा तपासल्या. काटा हलला नाही. लालासाहेबांना हायसं वाटलं. बिराप्पाला नाही.

"बांधल्या जागी आजारी पडत न्हाई ह्ये. म्हंजे दुखणं इंजिनात न्हाई, तात्या. वाटंत हाय. मला वाट दावा."

"बसशील व्हय पाण्यात?"

"बसतो की. डोळं मिटून."

चौथ्या दिवशी सकाळी निघाले. बरोबर फक्त बाजाराला निघालेली बनुबाई आणि तिची पोती. पोती मागं रचलेली, त्यामुळे लॉंचची मागची बाजू चांगलीच दबलेली. धुकं एवढं, की पुढचं टोक दिसेना. बिराप्पा इंजिनाशेजारी फळी धरून बसला होता. देवळाची जागा लालासाहेबांना धुक्यातही कळते. कशी कळते, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांनी इंजिन बंद केलं.

आवाज एकदम तुटला. लालासाहेबांनी टोपी काढली. बनुबाईनं गुलाल सोडला. बिराप्पानं स्क्रूड्रायव्हरचं टोक लॉंचच्या तळाला टेकवून मूठ कानाला लावली. इंजिनाचं पोट तो असंच ऐकायचा. आता तर इंजिन बंद होतं.

आणि मागून, फळीखालून, आवाज आला. घुट्. घुट्. घुट्. तहानलेलं माणूस तांब्या तोंडाला लावून पितं, तसा.

बनुबाईनं पदर तोंडावर घेतला. "पितोय बघा. देव पितोय."

लालासाहेबांचा हात घाईनं स्टार्टरकडे गेला. तेवढ्यात बिराप्पा ओरडला, "थांबा! हात लावू नका! सिलिंडरात पाणी असलं तर रॉड वाकंल!"

मग तिघं तिथंच राहिले. बुडालेल्या गावावर, धुक्यात, एवढीशी हालचाल नाही. लॉंच आपल्या आपण हळूहळू गोल फिरू लागली. वारा नव्हता. पाणी इतकं गार होतं, की फळीतून पायाला कळत होतं. बिराप्पा गुडघ्यावर बसून सायलेन्सरच्या पाइपाचे नट सोडत होता. पाण्याकडे तो बघत नव्हता, आणि पाना घसरत नव्हता. जोड सुटला तसं आतून भसकन पाणी आलं. त्यानं पाइपात बोट घालून बाहेर काढलं. बोट काजळीनं काळं झालं होतं आणि त्या काळ्यावर गुलाबी रंग होता.

बनुबाईनं हात जोडले. वर्षभर जे कुजबुजत बोललं जात होतं, ते त्या बोटावर होतं.

"ह्यो गुलाल कुठं कुठं टाकता तुमी?" बिराप्पानं विचारलं.

"हितंच."

"आन् काठाला? दुसरीकडं?"

"न्हाई. फक्त हितंच."

"मग पाणी बी हितलंच." त्यानं बोट पँटीला पुसलं. "पयल्या इंजिनाचा पाइप कसा हुता?"

वर, छपराला भिडलेला, लालासाहेबांनी सांगितलं. नव्या वेळी फिटर म्हणाला, फिरायला येणाऱ्यांच्या तोंडावर धूर नको, म्हणून त्यानं तो मागं, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर काढला. बिराप्पानं तळहातानं हवेत लॉंच काढून दाखवली. लॉंच जोरात असते तोवर तिची लाट मागं राहते. भर वेगात इंजिन बंद केलं की लॉंच मंदावते, मागची लाट पळत येऊन तिला गाठते आणि दबलेल्या बाजूनं थेट पाइपात चढते. आत धूर ढकलायला इंजिन चालू नाही. पाइपातून सिलिंडरात, तिथून रिंगांच्या कडेनं झिरपत खाली ऑइलात. रोज घोटभर.

"तुमीच पाजताय, तात्या. हात जोडून."

नोझल काढून, हातानं इंजिन फिरवून त्यानं पाणी बाहेर उडवलं, मगच चालू केलं. परत काठाला आल्यावर दुपारपासून पाइपाचं काम. पाइप वर छपरापर्यंत नेऊन तिथून खाली वाकवला. तोंडाला ट्रकच्या ट्यूबची झडप बसवली, धूर बाहेर पडेल पण पाणी आत येणार नाही अशी. ऑइल भरायचं, चालवायचं, काढायचं, असं तीनदा. तिसऱ्या थेंबाला तवा गप्प राहिला.

लालासाहेबांनी चाचरत विचारलं, "आता तिथं बंद करायचं सोडावं म्हणतोस?"

"कशापायी सोडायचं? पण आधी रेस उतरवा. मागची लाट पुढं जाऊ द्या. मग बंद करा. देवाला काय घाई हाय?"

पाचव्या दिवशी सकाळी दोघंच पाण्यावर गेले. धुकं तसंच. लालासाहेबांनी रेस उतरवली, लाट खालून पुढं निघून गेली, मग इंजिन बंद केलं. घुट् घुट् झालं नाही. बिराप्पानं पुन्हा स्क्रूड्रायव्हर तळाला टेकवून कान लावला. काम तर संपलं होतं. तो ऐकत राहिला, ऐकतच राहिला. चेहरा राखेसारखा झाला.

"काय ऐकतोस रं?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर तसाच टेकवून ठेवला. मूठ लालासाहेबांच्या पुढं धरली. "तुमी ऐका. तुमचं गाव हाय."

लालासाहेबांनी ती घेतली नाही. का घेतली नाही, याचा विचार ते आजही करतात. त्यांनी स्टार्टर मारला.

त्याच दुपारी संयोगिताच्या पोटात कळा सुरू झाल्या. लॉंचमधे गोधड्या टाकल्या, शालूबाई उशाशी, बिराप्पा इंजिनाशी. देवळाच्या जागी आल्यावर शालूबाई म्हणाल्या, "आज नका बंद करू." लालासाहेबांनी बिराप्पाकडे बघितलं. त्यानं फक्त दोन बोटं खाली केली. रेस उतरली. लाट गेली. इंजिन थांबलं.

संयोगिताचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं, आणि मधेच तेही थांबलं. ती म्हणाली, "खालनं कोण बोलतंय?" बिराप्पानं स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवला आणि पेटीची कडी लावली. लालासाहेबांनी स्टार्टर मारला. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं.

मुलगी झाली. दवाखान्यातून बाहेर येऊन लालासाहेब एसटीच्या थांब्यावर गेले. बिराप्पा पेटीवर बसला होता, पाण्याकडे पाठ करून.

"मुलगी झाली."

"ब्येस. दांडी बघत जावा रोज, सकाळची."

"बघतो की."

"काळं दिसलं तर फोन करू नका."

"आन् पांढरं दिसलं तर?"

"तर करा."