निबंधाची वानगी

सांगायची लाज वाटते, पण तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो. मधे मधे हसू नका. हसायचं ते शेवटी, आणि तेही मी घरी गेल्यावर.

माझं दुकान पोंभुर्ण्याला. चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक, जंगलातून येईल तो माल घ्यायचा आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला धाडायचा. दहावी झालो त्याच वर्षी वडील गेले आणि मी दुकानात बसलो. शिकायचं राहिलं ते राहिलंच. चाळिशी उलटल्यावर मात्र खाज सुटली. तयारीची परीक्षा देऊन दुरून शिकवणाऱ्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. ढकलत ढकलत सगळे पेपर काढले. एक उरला. निबंधलेखन. तोही इंटरनेटवरून! आणि कॉलेजनं दिलेली मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती. हा पेपर गेला की आधीचे सगळे मातीत.

त्यात माझी पोरगी वैशाली चंद्रपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बापलेक एकाच साली ग्रॅज्युएट! मी हे कोणाला सांगितलं नव्हतं? एसटीच्या कंडक्टरलाही सांगून झालं होतं.

वैशाली सुट्टीत आली तेव्हा आम्ही बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन कोर्सच्या अटींचा कागद काढून आणला. दुकानात बसून ती वाचू लागली.

"निबंध स्वतःचा पायजे. दुसऱ्याचा उतरवाचा नाई."

"मंजूर."

"हप्त्यातून दोनदा हजेरी लावाची. दुसऱ्या विद्यार्थ्याचा निबंध वाचून मत द्याचं. सौम्य भाषेत."

"माह्यी भाषा सौम्यच हाये."

आतून बायको, कमल, जोरात खोकली.

"आधी कच्चा मसुदा पाठवाचा. शिकवनाऱ्या बाई तो पायतीन, काय पायजे ते सांगतीन, मंग पक्का निबंध द्याचा. मुदतीनंतर आलेला घेणार नाई."

आता तुम्हीच सांगा, यात मला न समजण्यासारखं काय होतं? आमच्या धंद्यात तेच तर करतात! आधी वानगी पाठवायची. पोत्यातला निवडक मूठभर माल, पुडी बांधून. समोरचा बघतो, दाताखाली धरतो, नाक मुरडतो. मग बोलणी. बोलणी पटली की पोती रवाना. पहिल्याच दिवशी सगळी पोती धाडणारा व्यापारी कधी पाहिलाय का? मी नाही पाहिला.

मी काम चोख केलं, हं! "माझ्या गावचा बाजार" असा विषय होता. बारा पानं लिहिली. कॅफेत टाइप करून सीडीवर घेतली. आणि त्यातल्या निवडक चार ओळी बाईंना पाठवल्या.

"आमचा बाजार आवाजानं नाही, वासानं सुरू होतो. आधी सुक्या मासोळीचा वास येतो, मग माणसं येतात. आम्ही व्यापारी आधी माल बघत नाही, पाय बघतो. पाय धुळीनं माखलेले असले की समजायचं, माणूस लांबून आलंय, माल परत नेणार नाही."

खाली अदबीनं लिहिलं, "पसंत पडल्यास बाकीचा माल रवाना करतो."

दोन दिवसांत बाईंचं उत्तर. त्या तिकडे पुण्याला. "सुरुवात छान आहे. पण मसुदा अपुरा वाटतो. मध्य नाही, शेवट नाही. पूर्ण लेखन पाठवावे."

मी मांडीवर थाप मारली. कमलला म्हटलं, "पाह्य, लागल्या नाक मुराडाले! आधी छान म्हन्लं, मंग खोट काढली. पक्क्या गिऱ्हाईक हायेत."

"मंग पाठवून द्या ना बाकीचं."

"येवढ्यात? आपन घाई केली का समोरचा समजते, माल पडून हाये."

आमचा नियम असा की खोट काढली की गप्प बसायचं. जो आधी बोलला तो गेला.

मी गप्प बसलो.

पुढच्या हप्त्यात बाईंचं दुसरं पत्र. मग तिसरं. त्यात "कृपया" दोनदा! मी कॅफेत खुर्चीवर मागे रेलून ती पत्रं वाचायचो आणि मनात म्हणायचो, वा रे पठ्ठ्या. तीन पत्रं तर नागपूरवाल्यानंही कधी पाठवली नव्हती.

रिकामा बसलो नव्हतो. हजेरीची अट होती ना? कोल्हापूरच्या एका मुलीचा "माझी आई" हा निबंध माझ्या वाट्याला आला. मत द्यायचं होतं. मी लिहिलं, "दाणा भरीव आहे. पण माल फार ओला आहे. चार दिवस उन्हात टाकून मग आणावा." यापेक्षा सौम्य काय लिहायचं? त्या मुलीनं बाईंकडे तक्रार केली. तिची आई मागच्याच वर्षी वारली होती. मी लगेच माफी मागितली, पण त्यानंतर आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं की हा बाजार आपला नव्हे. नाही कळलं!

वैशालीचा चंद्रपूरहून फोन. "बाबा, निबंध पाठवला का?"

"बोलनी चालू हायेत."

"कसली बोलनी?"

सांगितलं.

"बाबा, काऊन असं करून राह्यले तुमी? त्या मास्तरीन हायेत! त्यायले काई इकत नाई घ्याचं!"

"तुले धंद्यातलं नाई समजत, बेटा."

शेवटचा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी दोनला दुकानातला फोन वाजला. साक्षात बाई! गिऱ्हाईक स्वतःहून फोन करतंय म्हटल्यावर माझी छाती केवढी झाली असेल बघा.

"काका, मी सहसा कोणाला फोन करत नाही. पण तुमच्या त्या चार ओळी मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवल्या. धुळीच्या पायांचं वाक्य तर माझ्या डोक्यातून जातच नाही. एवढं चांगलं लिहिणारा माणूस नापास व्हावा असं मला वाटत नाही. आज पाचच्या आत पाठवाल का? जसं असेल तसं?"

सीडी गल्ल्याशेजारी. कॅफे पन्नास पावलांवर. लाईट चालू! आमच्याकडे दुपारी दोनला लाईट चालू असणं म्हणजे काय, ते पुण्याच्या बाईंना काय कळणार?

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

गिऱ्हाईक जेव्हा मालाची तोंडावर स्तुती करतं ना, तेव्हा भाव चढत असतो. अशा वेळी जो हो म्हणतो तो मूर्ख. तीस वर्षांची जीभ माझी, माझ्याआधी तीच बोलली.

"पाहू बाई. विचार करून सांगतो."

बाई म्हणाल्या, "बरं." फोन बंद.

मी तीन वाजेपर्यंत वाट पाहिली, आता बाई परत फोन करतील. चार वाजेपर्यंत पाहिली. कमल दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेली. पावणेपाचला वैशालीचा फोन आला. बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, सगळं तिला ऐकवलं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, पाया पडते तुमच्या, जा." त्या आवाजानं माझी जीभ एकदम टाळ्याला चिकटली. सीडी घेऊन अनवाणी पळालो. कॅफेत पोचलो आणि लाईट गेली.

आली ती सहाला. बारा पानं पाठवली. दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन केला.

"वाचला मी निबंध," बाई म्हणाल्या. आवाज खरंच पडलेला होता. "खूप चांगला आहे, काका. पण आता घेता येत नाही हो."

बाजार उठल्यावर लांबून कोणी आलं की अगदी हेच वाक्य, याच आवाजात, मी तीस वर्षं बोलत आलोय. ऐकणारा पुढे काय करतो तेही मला माहीत आहे. काही करत नाही. मुकाट्यानं उठतो.

मी उठलो.

दारात कमल उभी. "काय म्हन्ल्या बाई?"

म्हटलं, "माल पसंत हाये म्हन्ल्या."