करीमसाबांचा कोरा रकाना

किस्से जमवावे लागत नाहीत, एका कचेरीत दहा-बारा वर्षं नुसतं बसावं लागतं. निजामाच्या अमलात सेलूजवळच्या आमच्या गावात टाऊन कमिटी होती. तिथं मी कागदांच्या नकला करायला होतो आणि माझ्या शेजारी बसायचे पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, करीमसाब. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

*

कमिटीचे मेंबर आठ. निवड हात वर करून व्हायची. पण आमचा चपराशी आदल्या दिवशीच निवडून येणाऱ्या प्रत्येकाची घरची गादी त्याच्या खुर्चीवर घालून ठेवायचा. एकदाही चुकला नाही!

*

निवड झाली की वर रिपोर्ट जाई: जुने किती परत आले, नवे किती. करीमसाबांच्या वहीत 'नवे'चा रकाना कायम कोरा. एकदा तीन मेंबरांच्या जागी त्यांचे मुलगे आले. मी म्हणालो, आता तीन तरी लिहा.

"मी माणसं न्हाई मोजायलो," ते म्हणाले, "घरं मोजायलो."

*

एक म्हातारे मेंबर मधेच वारले आणि त्यांचा जावई आला. घर वेगळं, आडनाव वेगळं! करीमसाबांनी चपराशाला एवढंच विचारलं, गादी बदलली का? बदलली नव्हती. रकाना कोराच राहिला.

*

मग वरून विचारणा आली: इतक्या वर्षांत एकही नवा माणूस कसा नाही? कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, घाबरले. करीमसाबांची नोकरी सहा महिन्यांत संपत होती, थोरला मुलगा मॅट्रिक होऊन घरी बसला होता. सदर म्हणाले, चार नवे लिहा, तुमच्या जागी मुलाला घेतो. मी असतो तर लिहून मोकळा झालो असतो, खोटं कशाला सांगू!

करीमसाबांनी सलाम केला, शून्य लिहिलं आणि रिपोर्ट टपालात टाकला. मी विचारलं, पोराचं काय? म्हणाले, "त्याला बसवलं तर माझ्या खुर्चीवर बी गादी घालावी लागंल."

त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्यांच्या पोराचं फार वाईटही वाटलं.

*

सदरांनी मुलाला डावललंच. ती जागा कोष्टी गल्लीतल्या एका मास्तराला दिली. त्या मास्तराच्या घरातलं कुणी आजवर कचेरीची पायरी चढलं नव्हतं. करीमसाबांनी त्याला महिनाभर शेजारी बसवून सगळं काम शिकवलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी वही काढली. 'नवे'च्या रकान्यात एक लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले आणि वही मास्तराच्या हातात दिली.