शांताची पहिली भाषा

"याला अफेजिया म्हणतात," गुलबर्ग्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. अफेजिया म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं जाणं. माझ्या बायकोच्या, शांताच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उजवा हात लुळा पडला होता. ती सगळ्यांना ओळखत होती, पण तोंडातून नुसता आवाज निघत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय बोलता?"

"मराठी."

"यांची पण तीच भाषा?"

"व्हय. मराठीच."

ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे, म्हणून आधीच सांगतो. माझं उत्तर खोटं होतं.

शांता अफजलपूरकडच्या कन्नड घरातली. लग्न होऊन आमच्या गावी, चिटगुप्प्याला आली तेव्हा तिला मराठी धड कळतही नव्हतं. मी मराठी शाळेत मास्तर. आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे कन्नड मुलखात गेल्यापासून कुणी भाषा विचारली की आम्हाला वाटायचं, आपण कुणाच्या बाजूचे तेच विचारतायत. उत्तर जिभेवर तयार असायचं. दवाखान्यातही तेच बाहेर पडलं. आमची रमा जन्मली तेव्हा तर मी शांताला बजावलं होतं, "लेकराच्या कानावर दोन भाषा नगंत. घोळ व्हतो, ध्यानात काईच ऱ्हात न्हाई." शांताने ऐकलं. लेकीला तिने अंगाईसुद्धा कन्नडमधून म्हटली नाही.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. वस्तू दाखवायची, नाव घ्यायचं, तिच्याकडून म्हणवून घ्यायचं. मी शाळेतले पहिलीचे तक्ते आणले. "हे घर. म्हण, घर." शांताचे ओठ हलायचे, घाम यायचा, शेवटी ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मी खाटेला वळसा घालून त्या बाजूला जायचो आणि पुन्हा तक्ता धरायचो.

रमा म्हणायची, "बाबा, आई मला वळखायलीय. मग बोलंना कामून?"

एका संध्याकाळी रमा खाटेजवळ हात जोडून वंदना म्हणत होती. शांताने मध्येच सूर धरला. "बुद्धं सरणं गच्छामि." पुढचंही सगळं, न अडखळता. मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी तिला पेला दाखवला. तिला नाव घेता आलं नाही.

"हा ऑटोमॅटिक स्पीच," ते म्हणाले. म्हणजे वर्षानुवर्षं पाठ असलेलं आपोआप येतं, त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. "शोधून बोलणं अजून आलेलं नाही. घाई करू नका."

मी घाई केली. तक्ते वाढवले.

मग करजगीहून तिची थोरली बहीण आली. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. अक्काने तक्ते उचलून खाटेखाली सारले, दुधात भाकरी कुस्करली आणि कन्नडमधून बहिणीला दटावत घास तोंडाशी नेला. एक घास, दोन घास. तिसऱ्याला शांताने मान वळवली आणि स्पष्ट म्हणाली, "ब्याड."

ब्याड म्हणजे नको.

अक्का रडत रडत हसली. मला म्हणाली, "मास्तर, तुमची शाळा आता बंद करा की वं. शिकवून शिकवून मुकी केलाव माझ्या बहिणीला."

डॉक्टर आले. अक्काशी बोलून त्यांना सगळं समजलं. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

मी वाकून खाटेखालचे तक्ते गोळा केले.

नंतर त्यांनी मला समजावलं. दोन भाषा डोक्यात एकमेकींची जागा अडवत नाहीत. अशा आजारात कधी एक आधी परतते, कधी दोन्ही, कुठली ते आधी सांगता येत नाही. जी येईल तिचा हात धरायचा. वाया गेलेल्या आठवड्यांनी किती नुकसान झालं, हे मी विचारलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला अजूनही ठाऊक नाही.

माझं कन्नड बाजारात भाव करण्यापुरतं होतं. पन्नाशीला टेकल्यावर मी अक्काकडून शिकायला बसलो. सकाळचा शब्द दुपारी विसरायचा. वर्गात विसराळू पोरांना मी काय काय बोललो ते आठवायचं. शांताला न्हाऊ घालताना, तिची वेणी घालताना जो शब्द तोंडी आला तो मात्र टिकला.

तुमच्या माणसाची वाचा गेली तर डॉक्टरांना घरातली प्रत्येक भाषा सांगा. लहानपणी ते माणूस आपल्या आईशी कुठल्या भाषेत बोलायचं तेही सांगा. लाजू नका.

शांताचं मराठी तुकड्यातुकड्यांनी परत येतंय. रमाशी ती दोन्ही मिसळून बोलते. माझ्याशी फक्त कन्नड. परवा तूर निवडताना ती लहानपणीचं काही सांगू लागली. रानात विंचू चावला होता, वडिलांनी खांद्यावर घालून पळत गावात आणलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी कधी ऐकलं नव्हतं. मधलं बरंच मला कळलं नाही.

मी म्हणालो, "इन्नोम्मे हेळ." पुन्हा सांग.

ती वैतागली. मग सूप बाजूला ठेवलं आणि लहान पोराला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, पहिल्यापासून सांगू लागली.