परकं दुखणं

आत्याबाई सकाळी उठली की आधी दोन्ही हात समोर धरून बघायची. बोटं वाकडी झालेली, मनगटं सुजलेली. डाव्याला जेवढी सूज तेवढीच उजव्याला आहे ना, हे नीट पाहून झालं की मगच चुलीकडे यायची. सारखी सूज दिसली की तिला बरं वाटे. ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण होतं ते असं. ही माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली आणि कित्येक वर्षं संधिवाताशी संसार करत आलेली. "दोनी बाजूनं आलं तं ते मायं दुखनं," ती म्हणे. "एकाच सांध्यात पेटलं तं ते परकं. त्याले भ्यावं."

अमरावती आणि अकोल्याच्या मधलं आमचं गाव. अमेरिकेतल्या लढाईपायी विलायतेला आपला कापूस हवा झाला, तेव्हा सगळ्या गावाच्या अंगात आलं होतं. बैल म्हणू नका, गाडी म्हणू नका, सगळं कापसाला जुंपलेलं. त्या धांदलीत एका सकाळी आत्याबाईचा उजवा गुडघा फुगला. एकटाच. मामंजी म्हणाले, नेहमीचंच आहे, शेक द्या. घरात सरकीला काय तोटा! मी सरकी तव्यावर गरम करून पुरचुंडीत बांधली आणि शेकायला बसले. तिनं माझा हात बाजूला सारला. गुडघा लाल, तकतकीत, आणि हात लावून पाहिला तर माझ्या पुरचुंडीहून तोच गरम. तिला हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. बाकीचे सांधे मात्र निवांत.

अंगणात कापसानं भरलेली गाडी अमरावतीच्या बाजाराला निघायची होती. गळवं कापणारा जर्राह अकोल्याला, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. भाव रोज हलत होता. मामंजी म्हणाले, बाजार करून येतो, मग नेतो. तेव्हा आत्याबाई उंबऱ्यापर्यंत सरपटत आली.

"गणपत, कापूस उतरव, मले घाल. भाव पडला तं कापूस तरी राहीन. मी नाई राहनार."

थोरल्या बहिणीला असं घाबरलेलं मामंजींनी कधी पाहिलं नव्हतं. ते गाडीवर चढले आणि कापूस खाली लोटू लागले.

जर्राहानं गुडघ्याला चीर दिली तेव्हा वाटीभर पू निघाला. मी तिचे खांदे धरले होते. जर्राह म्हणाला, शेकत बसला असता तर पाय गेला असता, बाईही गेली असती. आत्याबाई वाचली. गुडघा तेवढा कायमचा आखडला.

मामंजींच्या मनात मात्र भीती बसली ती बसलीच. तिचं जरा काही दुखलं की ते गाडी जुंपायला धावत. मग ती दोन्ही हात त्यांना दाखवून हसे. "सोड बैल. हे मायंच हाय." आम्ही सुना पदराआड या बहीणभावाची थट्टा करायचो.

पुढं एका हिवाळ्यात तिचं नुसतं डावं मनगट सुजलं. मामंजी नेहमीसारखे दारात येऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसली नाही.

"जुंप," ती म्हणाली.

मामंजींच्या हातून जू दोनदा निसटलं, शेवटी बैलांच्या मानेवर ते मीच ठेवलं. अकोला यायच्या आधीच ती गेली.