कानातली फोडणी

जलतरणामुळे माणूस अंतर्मुख होतो. माझ्या बाबतीत पाणी अंतर्मुख झालं आणि उजव्या कानातच राहिलं.

त्या हिवाळ्यात अमळनेरजवळ सासुरवाडीला मी रोज सकाळी विहिरीत पोहायचो. (पोहायचो म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्यूबला धरून चिंतन करायचो आणि अधूनमधून बुडायचो.) आठवडाभरात कान ठणकायला लागला, सुजला आणि बंद झाला.

जळगावहून लेकीचा, मुक्ताचा फोन आला. "पप्पा, कानात काही घालू नका. डॉक्टरांकडे जा."

"हो."

"तुम्ही नुसतं हो म्हणता!"

"हो."

रविवारी रेडिओवर मुक्ताचा पहिला कार्यक्रम होता. शेतात भरताचा बेत आखून सगळं सासर मोबाईलभोवती जमलं. आणि मला वाटलं, लेकीचा पहिला आवाज एकाच कानानं ऐकणं बापाला शोभत नाही!

अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, मांडी थोपटली. "आठे डोकं ठेवा जवाईबापू. लसूननं तेल टाकू. बठ्ठं दुखनं पयी जाई!"

"सगळं दुखणं पळेल? कार्यक्रमाआधी?"

"आत्ते! चुलीजवळनी वाटी द्या फक्त."

चुलीजवळ दोन वाट्या होत्या. दोन्हींत तेल, दोन्हींत लसूण. एक कानासाठी, दुसरीत भरताच्या हिरव्या मिरच्या तळून काढलेल्या, हे मला नंतर कळलं. मी वास घेतला आणि जास्त झणझणीत ती उचलली. औषध म्हटल्यावर थोडा जोर हवाच!

अक्कांची दृष्टी अधू, पण हात मायेचा. चांगला कान त्यांच्या मांडीत रुतवून मी डोळे मिटले. त्यांनी बोट बुडवून तेल कोमट असल्याची खात्री केली, कपाळावरून हात फिरवला, "लेकरू मनं," म्हणजे माझं लेकरू, असं म्हणाल्या आणि तेल सोडलं.

तेवढ्यात मोबाईलमधून आवाज आला, "नमस्कार, मी मुक्ता..."

पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. मी बोंबलत विहिरीकडे धावलो, मेहुणा माझ्यामागे धावला ("भाऊजी, परत पानी नको!"), बैल दावं तोडून पळाला आणि अक्का सगळ्यांना विचारत राहिल्या, "काय व्हयनं? लसून सहन व्हत नही का?"

डॉक्टरांनी कान साफ केला, थेंब दिले, कान कोरडा ठेवायला सांगितला. मग वास घेत विचारलं, "फोडणी कोणी दिली?"

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. मी डावा कान लावला.

"पप्पा, ऐकलंत?"

"फार सुरेख झाला गं!"

"विषय काय होता?"

मी खोकलो.

"पोहणाऱ्यांचे कान," ती म्हणाली. "घरी सांगून तुम्ही ऐकत नाही. म्हटलं, रेडिओचं तरी ऐकाल. तुमच्यासाठीच केला होता."

शेजारी अक्का माझ्या कानावर पदर धरून बसल्या होत्या, वारा लागू नये म्हणून.

दुसऱ्या वाटीतलं तेल भरतात गेलं होतं. सासऱ्यांच्या मते भरीत उत्तम होतं, फक्त तिखट कमी पडलं.