पुढच्या गाडीवरून

भातकुलीचा चंद्रभान गाडीवान होता, पण गावाला तो हवा असे गोष्टींसाठी. विलायतेत कापसाचा भाव चढलेला, त्यामुळे अमरावतीच्या बाजाराकडे गाड्यांची रांग लागे. चंद्रभानची गाडी शेवटची. मागचे बैल पुढच्या गाडीमागं आपसूक चालत आणि त्यांचे गाडीवान खुशाल झोपत. जागं राहायचं ते पहिल्यानं. तो मान नत्थुजीचा.

एका सकाळी नत्थुजीची गाडी नाल्याच्या चिखलात उतरली, तिच्यामागं आणखी दोन. खुशालराव पाटलांचा कापूस भिजला. संध्याकाळी पारावर चंद्रभाननं ते असं रंगवलं, की डुलक्या घेणारा नत्थुजी, त्याच्या मिशीवरून गळणारी लाळ, सगळं लोकांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. माणसं हसून लोळली. पाटलांनी नत्थुजीची गाडी भाड्यानं सांगणंच बंद केलं.

नत्थुजीची बायको पार्बताबाई एक दिवस चंद्रभानच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, तुमी होते शेवटच्या गाडीवर. त्यायची लाळ तुमाले तेथून दिसली?"

"वळणावर मान खाली गेलेली दिसली ना, वयनी."

"मान दिसली. बाकीचं कोनाच्या डोयानं पाह्यलं?"

"गोष्टीत थोडं मीठ लागतेच."

"मीठ तुमचं, पन चूल आमची इझून राहिली. एक डाव त्यायच्या शेजारी बसून पाहा."

चंद्रभानला ते लागलं. दुसऱ्या पहाटे तो नत्थुजीच्या रिकाम्या गाडीवर चढला. नत्थुजीनं शेजारी बसून बैल हाकले. नाल्याजवळ आले तोच समोर सूर्य वर आला. चंद्रभाननं आयुष्यात कधी समोर कोरा रस्ता पाहिला नव्हता. त्याच्यापुढं नेहमी दुसऱ्याच्या गाडीचा कापूस असे. आता डोळे दिपले, चाकोरी शोधायला मान आपोआप खाली गेली. चाकोऱ्या दोन होत्या. एक अमरावतीची, एक नाल्यात उतरणारी, ढोरं पाण्यावर नेण्याची. उन्हात दोन्ही सारख्याच.

त्या संध्याकाळी त्यानं पारावर तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण पहिल्या गाडीवरून दिसली तशी. लाळ नव्हती, हशा नव्हता. ऐकता ऐकता एकदोघांनी डोळ्यांवर हात धरला.

खुशालराव नत्थुजीकडे वळले. "असं होतं त मले काहून नाही सांगितलं रे?"

"सांगतलं होतं, पाटील," नत्थुजी म्हणाला. "तुमी हासून राहिले होते."

पाटील म्हणाले, "परवा गाड्या निघतात. पुढं तूच जुंप."