‘आलोच’ म्हणून सोडलेली खुर्ची

आमच्या घरात कुणी काही सांगितलं की ते परत म्हणून दाखवायचं, असा नियम आहे. नियम माझा नाही, ह्यांचा. मी म्हणते, "अहो, येताना दूध आणा, दोन पिशव्या." हे चपला घालता घालता म्हणणार, "दूध, दोन पिशव्या, येताना." मग मी "बरोबर" म्हणायचं. तोपर्यंत हे दारातून हलत नाहीत. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं, माणूस माझी टर उडवतोय. मग कळलं, हा धंद्याचाच रोग आहे. विमानांना वाट दाखवणाऱ्यानं वैमानिकाला काही सांगितलं की त्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. नाही म्हटलं तर त्यानं ऐकलंच नाही, असं धरायचं. आमची लेक लहानपणी रागावली की मुद्दाम परत म्हणायची नाही, आणि हे बिचारे पायात एक चप्पल घालून तिच्यासमोर उभे.

विमानं सांभाळणाऱ्या कंपनीत ह्यांनी रडारच्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसून सुरुवात केली, आणि शेवटी तिचेच प्रमुख झाले. लोक म्हणाले, नशीब काढलं. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू? रात्रपाळ्या सुटल्या, गाडी आली, गळ्यात टाय आला. पण ह्यांचा जीव खालीच राहिला, त्या अंधाऱ्या खोलीत. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला पाठवावं, तर वरून विमान गेलं की हे मान वर करून उभे. "उशिरा वळला," म्हणायचे. मी म्हणायचे, "वळू दे मेला, तुम्ही आधी चादर काढा."

त्यातही एक सल होता, आणि तो मला पुरता ठाऊक होता. खुर्ची सोडायची त्यांच्यात एक रीत आहे. उठणारा बसल्या बसल्या सगळं सांगतो, कुठलं विमान कुठं, कुणाला काय सांगितलंय, हवा कशी आहे. बसणारा मागं उभा राहून ऐकतो आणि परत म्हणतो. मग तो म्हणतो, "माझ्याकडे." उठणारा म्हणतो, "मी मोकळा." तेव्हा कुठं खुर्ची बदलते. त्यानंतरही उठलेल्यानं लगेच पळायचं नाही, दोन मिनिटं मागं उभं राहायचं, न जाणो काही सांगायचं राहिलं असेल तर.

ज्या दिवशी ह्यांना वर बोलावलं, त्या दिवशी हे भर कामात होते. हाताखाली शिकून नुकतीच तयार झालेली एक मुलगी होती, तिला सगळे ताई म्हणायचे, अजून म्हणतात. तिला सगळं सांगून खुर्चीवर बसवलं. ती "माझ्याकडे" म्हणाली. पण हे "मी मोकळा" म्हणाले नाहीत. कशाला म्हणतील? परत येणारच होते. "आलोच," म्हणाले आणि जिना चढले. वर नवी जागा मिळाली, तिथून आणखी वर, मग दिल्लीच्या बैठका म्हणा, काय म्हणा. खुर्चीवर बसायचं लायसन असतं, ते वापरलं नाही की सरतं. तसं सरलं. ज्यानं "आलोच" म्हटलं, तो आलाच नाही.

निवृत्ती आठवड्यावर आली तेव्हा चहा ढवळता ढवळता म्हणाले, "एकदा तिथं बसायचं होतं गं."

"मग बसा की! प्रमुख तुम्ही. कोण अडवतंय?"

"मीच," हे म्हणाले. "लायसन नसलेल्यानं त्या खुर्चीवर बसायचं नाही, हा नियम माझ्याच सहीचा आहे. कुंपणानंच शेत खाल्लं तर कसं?"

चहा कितीतरी वेळ ढवळत होते, आणि साखर तर मी त्यांची केव्हाच बंद केलीय. माझा जीव तुटला. मी काही गप्प बसणारी बाई नाही. हे आंघोळीला गेल्याबरोबर ताईला फोन लावला. ती आता त्या खोलीची मुख्य आहे. म्हटलं, "एक मिनिट बसू दे गं त्यांना. कुणाला कळणारे?"

"नाही वहिनी," ती म्हणाली. नुसतं नाही. आढेवेढे नाहीत, बघते नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक मिनिट बसले तर काय आभाळ कोसळणारे?"

"वहिनी, ते कोसळू नये म्हणूनच बसतो आम्ही," ती म्हणाली. मी फोन आपटला. ज्या मुलीला ह्यांनी बोलायला शिकवलं, ती आज ह्यांनाच नाही म्हणते! त्या दिवशीची भाजी खारट झाली ती तिच्यामुळे.

निरोपाचा समारंभ मोठ्या सभागृहात झाला. भाषण घरी माझ्यासमोर तीनदा म्हणून झालं होतं, म्हणजे मला पाठ होतं. ह्यांनी भागीदारांचे आभार मानले ते दोन वाक्यांत. पण पावसात मनोऱ्यावर चढून तारा जोडणाऱ्यांचे, पडदे पुसणाऱ्या बाईचे, पाळी सुटली तरी बदली येईपर्यंत न कुरकुरता बसून राहिलेल्यांचे असे आभार मानले की मागच्या रांगांत नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. "मी ह्या कंपनीला काय दिलं ते हिशेबनीस सांगतील," हे म्हणाले, "मला मात्र ह्या कंपनीनं रोज रात्री शांत झोपेल असं मन दिलं. सगळी सुखरूप उतरली, हे कळल्यावर येते ती झोप." टाळ्या पडल्या. शाल नको, मानपत्र नको म्हणून आधीच बजावलेलं, तरी एक चकचकीत काचेचं विमान हातात दिलंच. नवे प्रमुख छान बोलले. हे हसले, हात मिळवले, फोटो काढले. आणि मी बघत होते, ह्यांची नजर सारखी जिन्याकडे.

"खाली जाऊन येऊ या?" मीच म्हटलं.

मला पाहुण्यांचा पास मिळाला. खोली थंडगार, दिवे मंद, पायाखाली गालिचा, त्यामुळे चालल्याचाही आवाज नाही. सगळे स्वेटर घालून पडद्यांत डोळे घालून बसलेले. प्रमुख आले म्हणून एक माणूस उठला नाही, की कुणी मान वळवली नाही. ह्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "बघ," माझ्या कानात म्हणाले, "अजून शिस्त आहे."

ताई समोर आली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. ती ह्यांना म्हणाली, "सर, इकडे या," आणि कोपऱ्यातल्या जादा टेबलाशी घेऊन गेली. त्याचा पडदा बंद होता, काळाकुट्ट. खुर्ची ओढून म्हणाली, "बसा."

मला वाटलं, अगं बाई, ही काय थट्टा! म्हाताऱ्याला लाकडी घोड्यावर बसवतेस? तोंड उघडणार, तोच ती ह्यांच्या मागं जाऊन उभी राहिली, हात पाठीशी बांधून, शिकाऊ मुलगी उभी राहते तशी.

"सर, त्या दिवशी तुम्ही ‘आलोच’ म्हणून गेलात. मी अजून तुमची खुर्ची धरून बसलेय. आता मीही पुढच्या वर्षी ही खुर्ची सोडणार. रीत पुरी करा."

हे काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग टाय सैल केला आणि मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज आला, सावकाश, सपाट, कसली घाई नसलेला.

"उत्तरेकडून एक मोठं, खाली येतंय."

"उत्तरेकडून एक मोठं, खाली येतंय," ताई म्हणाली.

"पूर्वेकडून दोन, एकामागं एक. मागचा उतावळा आहे, त्याला आवर."

"पूर्वेकडून दोन. मागच्याला आवरते."

"डोंगराच्या अंगाला एक छोटं. नवशिका आहे, एकटाच आहे. घाबरलाय. त्याच्याशी हळू बोल."

"डोंगराकडे छोटं, नवशिका. हळू बोलते."

"दक्षिणेला ढग. वाढतील."

"दक्षिणेला ढग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "सर, त्या दिवशीची सगळी उतरली. नवशिकासुद्धा. माझ्याकडे."

आता दोनच शब्द राहिले होते. सभागृहात अर्धा तास न अडखळता बोललेला माणूस, आणि ते दोन शब्द काही निघेनात. हातातलं काचेचं विमान केव्हा टेबलावर ठेवलं, त्यांनाही कळलं नसेल. ताईनं घाई केली नाही. आमच्या लेकीसमोर हे उभे राहायचे ना, तशीच ती उभी राहिली.

"मी मोकळा," हे म्हणाले.

इतकी वर्षं हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. हा माणूस एकदाचा मोकळा होईल, घरी येईल, जेवताना वर बघणार नाही. आणि ऐकलं तेव्हा मलाच वाटलं, म्हणू नका हो, परत घ्या.

हे उठले. ताई त्या खुर्चीवर बसली, बंद पडद्यासमोर, पाठ ताठ. आणि हे रीतीप्रमाणे तिच्यामागं उभे राहिले. दोन मिनिटांची रीत, पण घड्याळ कुणी बघितलं नाही. मीही नाही. मधूनच शेजारच्या पडद्यावरचा मुलगा कुणाला तरी काही सांगायचा आणि लांबून कुणीतरी ते परत म्हणायचं, तेवढाच आवाज.

शेवटी दाराशी आल्यावर हे वळून म्हणाले, "येतो."

ताई वळली नाही. "या, सर," म्हणाली. ‘जातो’ कुणी म्हणतं का? पण त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की ह्यांचा पास आज फाटकावर कायमचा जमा करायचाय.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ह्यांचा पास घेतला, संगणकात काहीतरी केलं आणि खणात टाकला. हे तिथंच उभे.

"दोरी ठेवू का?" हे म्हणाले. पास अडकवायची निळी दोरी, कडेनं विरलेली.

"ठेवा साहेब," तो म्हणाला. "दोरीचं काय एवढं."

ह्यांनी ती परत गळ्यात घातली. काचेचं विमान खाली टेबलावरच राहिलं होतं, ते मला आठवलं, पण मी बोलले नाही. गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर मी म्हटलं, "अहो, वाटेत दूध घ्यायचंय, दोन पिशव्या." हे काचेतून वर बघत होते. मी थांबले. दुकान मागं गेलं तरी थांबले. ह्यांनी परत म्हटलंच नाही.